शॉयरेबेला 'हायब्रीड' म्हणू नये

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जर्मनीतील पांढऱ्या वाइनविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख चांगला आहे, मोझेल नदीकाठच्या उतारांचे वर्णन तर फारच. परंतु त्याच्या शेवटी दिलेल्या चौकटीत 'श्यूरेबे' नावाच्या द्राक्षजातीविषयी ज्या चार ओळी छापल्या आहेत, त्यांतली एकही निर्दोष नाही, आणि त्यांतल्या एका शब्दाने तर त्या जातीवर विनाकारण ठपका बसतो, म्हणून हे पत्र. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. माझी बाग खाण्याच्या द्राक्षांची, वाइनच्या नव्हे. पण मुलगी नोकरीनिमित्त माइन्त्स शहरात राहत असल्याने गेल्या काही वर्षांत दोनदा, ऑक्टोबर छाटणीची धांदल धाकट्या भावावर सोपवून (त्याबद्दल घरी जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही), मी तिथल्या काढणीच्या दिवसांत राइनहेसन भागातल्या बागा पायी हिंडलो आहे. ही जात जिथे जन्मली ते आल्त्साय गाव माइन्त्सपासून तीसेक किलोमीटरवर आहे.

आधी नावाचा उच्चार. तो 'श्यूरेबे' नसून 'शॉयरेबे' असा आहे. जर्मन भाषेत 'रेबे' म्हणजे द्राक्षवेल आणि 'शॉय' हे ती तयार करणाऱ्या गेऑर्ग शॉय यांचे आडनाव. योगायोगाने 'शॉय' या शब्दाचा अर्थ लाजाळू असाही होतो, पण चवीने ही जात लाजाळू मुळीच नाही.

आता मुख्य आक्षेप. चौकटीत या जातीला 'हायब्रीड' म्हटले आहे, आणि तेही अशा सुरात की, जर्मनीतली नामांकित रीसलिंग द्राक्षजात हे अस्सल घराणे आणि ही त्याची भेसळ. मराठी वाचकाच्या मनात 'हायब्रीड' हा शब्द कुठून आला हे मी वेगळे सांगायला नको. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण १९६४ साली आले, त्यामागोमाग इतर वाणे आली, कणगी भरली, पण भाकरीला मालदांडीची चव नाही ही तक्रार घराघरांत राहिली आणि पुढे तर तब्येतीने नाजूक पोरालाही 'हायब्रीड' म्हणून चिडवण्याची रीत पडली. त्यामुळे मराठी वृत्तपत्राने एखाद्या द्राक्षाला हायब्रीड म्हटले की वाचकाच्या कानावर 'पीक भरपूर, चव बेताची' एवढेच पडते.

द्राक्षाच्या व्यवहारात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. युरोपातील वाइनच्या बहुतेक सगळ्या जाती व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच प्रजातीच्या आहेत. या प्रजातीची अमेरिकेतल्या एखाद्या रानटी किंवा लागवडीतल्या दुसऱ्या प्रजातीशी गाठ घालून जे रोप मिळते, त्याला हायब्रीड म्हणतात. आपल्याकडचे चोख उदाहरण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी काढलेल्या एआरआय-५१६ या वाणाचे आहे. त्याचा एक पालक अमेरिकी वंशाचा कॅटावबा आणि दुसरा व्हिनिफेरातला ब्युटी सीडलेस. बाजारातल्या बंगळूर ब्ल्यू द्राक्षाला जो एक उग्र, गोडसर दर्प असतो, तो अशाच अमेरिकी रक्ताचा आहे आणि ज्याने एकदा तो घेतला त्याला तो पुन्हा डोळे मिटून ओळखता येतो. शॉयरेबेत त्याचा मागमूस नाही, कारण तिचे दोन्ही पालक व्हिनिफेराच आहेत. तिच्यासाठी 'संकरज' म्हणावे, 'पैदास केलेली जात' म्हणावे. जर्मन लोक अशा जातींना 'नवी पैदास' अशा अर्थाचाच शब्द वापरतात.

आणि दोन जातींच्या मीलनातून जन्मणे हाच दोष मानायचा असेल, तर मग अस्सल म्हणून उरणार कोण? नाशिक जिल्ह्यातल्या वायनरींत मोठ्या प्रतिष्ठेने भरला जाणारा काबर्ने सोव्हिन्यों हा काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोघांचा कधी तरी बागेत आपोआप झालेला संकर आहे, हे १९९७ साली जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. शार्दोने हा पिनो आणि गुए ब्लां नावाच्या एका हलक्या समजल्या जाणाऱ्या शेतकरी द्राक्षाचा वंशज निघाला. ज्या रीसलिंगच्या घराण्याचा चौकटीत एवढा आदराने उल्लेख आहे, त्याचाही एक पालक हाच गुए ब्लां. फरक एवढाच की, त्यांची लग्ने वाऱ्याने लावली आणि शॉयरेबेचे एका माणसाने चिमटा हातात घेऊन लावले.

हे चिमट्याचे काम मी एकदा जवळून पाहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. द्राक्षाचे फूल मोहरीच्या दाण्याएवढे असते. त्याच्या पाकळ्या इतर फुलांसारख्या उमलत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून एक टोपी बनते आणि ती टोपी देठाकडून सुटून वर उचलली जाते. ती आपण होऊन सुटण्याआधीच चिमट्याने अलगद काढायची, आतले पाच पुंकेसर खुडायचे, मधले स्त्रीकेसर दुखवायचे नाही, घडातली उरलेली सगळी फुले काढून टाकायची, वर कागदी पिशवी बांधायची आणि एक-दोन दिवसांनी दुसऱ्या जातीचे पराग ब्रशने लावून पिशवी पुन्हा बांधायची. मण्यांत जे बी धरेल ते थंडीत ठेवून, रुजवून, रोप फळावर येईपर्यंत तीन-चार वर्षे वाट पाहायची. अशा शेकडो रोपांतून एखादे ठेवण्याजोगे निघते, बाकीची उपटून टाकावी लागतात. जे ठेवले त्याचे पुढे बी कधी पेरत नाहीत, काडीच लावतात किंवा कलम करतात. म्हणून आज जगात जिथे जिथे शॉयरेबेची वेल उभी आहे, ती मुळात १९१६ सालच्या संकरातून आलेल्या एकाच रोपाची फांदी आहे. ते रोप आल्त्सायच्या रोपवाटिकेतले ८८ क्रमांकाचे होते.

गेऑर्ग शॉय (१८७९–१९४९) हे आल्त्साय येथील द्राक्षपैदास संस्थेचे प्रमुख होते. पहिले महायुद्ध चालू असताना ते हे काम करत होते. राइनहेसनमध्ये तेव्हा सिल्वानर या जातीचा बोलबाला होता आणि त्यांना हवी होती सिल्वानरपेक्षा सुवासिक, थंडीला अधिक काटक आणि चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी न पडणारी अशी एक जात. हुक्सलरेबे, झीगररेबे, फाबररेबे या पुढच्या जातीही त्यांच्याच हातच्या. आम्हां बागायतदारांना त्यांचे आणखी एक उपकारी काम माहीत असायला हवे: पाने कडेने गुंडाळून लाल-पिवळी पडण्याचा जो लीफरोल नावाचा रोग आहे, तो जमिनीतल्या अन्नद्रव्यांच्या कमतरतेने येत नसून कलमाबरोबर एका वेलीतून दुसरीत जातो, हे १९३० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले. काडी कुठून आणली याची चौकशी करूनच कलम भरावे, असा धडा आमच्याकडे अनेकांनी बागा मोडल्यावर घेतला.

चौकटीतली दुसरी चूक पालकांची आहे आणि तिच्यासाठी आपल्या लेखकाला फार दोष देता येणार नाही, कारण स्वतः शॉय यांच्या नावावर तीच नोंद कित्येक दशके चालत आली. 'रीसलिंग आणि सिल्वानर यांचा संकर' असे पाठ्यपुस्तकांत, रोपवाटिकांच्या यादीत, बाटल्यांच्या मागच्या चिठ्ठीवर सगळीकडे छापले जात होते. जनुकीय तपासणी सुरू झाल्यावर आधी एवढे कळले की, रीसलिंग खरे आहे पण सिल्वानर जुळत नाही; आणि २०१२ साली दुसऱ्या पालकाचे नाव सापडले, ते म्हणजे बुकेटरेबे. ही फ्रांकेन भागात एकोणिसाव्या शतकात काढलेली, आता जवळपास विस्मरणात गेलेली जात आहे आणि ती स्वतः सिल्वानर व ट्रोलिंगर यांची संतती. म्हणजे सिल्वानर घरातलाच निघाला, फक्त एक पिढी मागचा. शॉय यांच्या वहीत चूक झाली, परागाच्या पुडीवरचे नाव चुकले, की रोपांच्या ओळीत अदलाबदल झाली, यावर आज तर्क करण्यात अर्थ नाही. ज्याने कधी शंभर रोपांना हाताने चिठ्ठ्या बांधल्या आहेत तो त्यांना दोष देणार नाही.

अशी फसगत झालेले शॉय एकटेच नव्हते. जर्मनीतली सर्वांत प्रसिद्ध संकरज पांढरी जात म्युलर-थुर्गाऊ. स्वित्झर्लंडच्या थुर्गाऊ प्रांतात जन्मलेल्या हेर्मान म्युलर यांनी ती १८८२ साली गायझेनहाइमच्या संस्थेत काढली, तिलाही शंभरेक वर्षे रीसलिंग आणि सिल्वानर यांची मुलगी मानले गेले, स्वित्झर्लंडमध्ये तर तिचे नावच तसे पडले. आणि तपासणीत दुसरा पालक मादलेन रॉयाल ही खाण्याच्या द्राक्षांची जात निघाली. खरोखर रीसलिंग आणि सिल्वानर यांचा संकर म्हणता येईल अशी जात आहे ती रीसलानर, १९२१ साली फ्रांकेनमध्ये काढलेली, आणि तिची लागवड इतकी थोडी आहे की मला तिची एक बाटली मिळवायला माइन्त्समध्ये तीन दुकाने पालथी घालावी लागली.

या वंशावळीत आपल्याला जवळचा असा एक दुवा आहे, जो मला जर्मनीत कळला आणि ज्याने मी मनापासून सुखावलो. बुकेटरेबेचा पालक ट्रोलिंगर, ज्याला इटलीत स्कियावा ग्रोसा म्हणतात, तोच मस्कत हॅम्बर्गचाही पालक आहे. आणि मस्कत हॅम्बर्ग म्हणजे दुसरे तिसरे काही नसून तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यातून 'पनीर द्राक्षे' म्हणून येणारे, आमच्या वडिलांच्या पिढीला भोकरी-फकडीच्या बरोबरीने ठाऊक असलेले 'गुलाबी'. तेव्हा आल्त्सायची ही जात आपल्या गुलाबीची भाची लागते, असे म्हटले तर नात्यात फारशी गफलत होणार नाही.

तिसरी चूक नावाच्या इतिहासाची. शॉयरेबेचे पहिले नाव संगीतकार वाग्नर यांच्यावरून पडले होते, असे चौकटीत म्हटले आहे. वाग्नर खरे, पण ते नव्हेत. नाझी राजवटीत शेतकऱ्यांची जी सरकारी संघटना उभी केली होती, तिचा त्या प्रांतातला प्रमुख डॉ. रिशार्ड वाग्नर हा होता, आणि त्याच्या मर्जीखातर किंवा गौरवासाठी या वेलीला 'डॉक्टर वाग्नर रेबे' असे नाव दिले गेले. नाव आणि आडनाव दोन्ही संगीतकाराचेच असल्याने घोटाळा समजण्यासारखा आहे. तथापि एका पक्षपुढाऱ्याच्या जागी एक कलावंत बसवल्याने त्या काळातली एक लाजिरवाणी गोष्ट नकळत शोभिवंत होऊन जाते. १९४५ मध्ये राजवट कोसळली, ते नावही गेले आणि जात तिच्या पैदासकाराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सरकारदरबारी जातीला संरक्षण मिळायला १९५६ साल उजाडले. तोवर शॉय हयात नव्हते.

चौथी ओळ चवीची: 'काळ्या मनुकांचा सुगंध'. ही चूक मराठीत वारंवार होते आणि तिचे मूळ आइस्क्रीमच्या पाटीत असावे. ब्लॅककरंट म्हणजे काळे मनुके नव्हेत. काळे मनुके ही वाळवलेली द्राक्षे. ब्लॅककरंट हे थंड प्रदेशातल्या एका झुडपाचे, करवंदाहून लहान, आंबट आणि तीव्र वासाचे ताजे फळ आहे, द्राक्षाशी त्याचे काही नाते नाही. त्याला मराठी नाव नाही, म्हणून 'ब्लॅककरंट' असेच लिहावे. शॉयरेबेच्या वाइनमध्ये दुसरा जो ठळक वास सांगतात तो ग्रेपफ्रूटचा, आणि तो समजायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही: पपनसाची साल नखाने खरवडावी, त्यावेळी जी कडसर, ताजी लहर नाकात जाते ती बरीचशी तीच. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या वासामागे गंधकयुक्त असा एक पदार्थ दाखवला गेला, जो लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतका असला तरी नाकाला कळतो. सोव्हिन्यों ब्लांमध्येही हाच पदार्थ असतो, त्यामुळे ज्यांनी नाशिकची सोव्हिन्यों ब्लां चाखली आहे त्यांना शॉयरेबे पूर्ण अनोळखी वाटणार नाही.

या पदार्थाची गंमत अशी की, त्याचे प्रमाण आणि फळाची पक्वता यांचा मेळ बसला तर पपनस, नाही बसला तर मांजराने घाण केलेला कोपरा. हे मी ऐकीव लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आल्त्सायच्या बाहेरच्या एका उतारावर एका वयस्क बागायतदाराने मला त्याच्या शॉयरेबेच्या ओळीत नेले. मणी आपल्या थॉमसनच्या मानाने बारका, गोल, हिरवट पिवळा, उन्हाच्या बाजूला किंचित तांबूस ठिपके, आत बिया. त्याने आधी पानांच्या दाट सावलीतल्या घडाचा मणी माझ्या हातावर ठेवला. चावल्यावर आंबटपणाच्या मागोमाग हिरव्या शेंगेसारखी, नकोशी वाटणारी एक चव आली आणि मी तोंड वाकडे केले, तो हसला. मग दोन पावले पुढे, जिथे घडांजवळची पाने काढून ऊन मोकळे केले होते, तिथला मणी दिला. तीच वेल, तीच काडी, पण आंबटपणा नुसता कडेला राहिला होता आणि मधोमध एक भरघोस सुवास होता. माझ्या खिशात सवयीने रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर होता. पहिला साडेसोळा ब्रिक्स, दुसरा एकवीसच्या पुढे. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण आकडा दोघांनी पाहिला आणि पानविरळणीवर मुलीच्या मध्यस्थीने आमचे अर्धा तास बोलणे झाले.

यावरून 'स्वस्त गोड वाइनसाठी वापर' हा चौकटीतला शेरा का खटकतो, हे ध्यानात येईल. तो शेरा साफ खोटा नाही, पण त्याचा रोख चुकीच्या जागी आहे. १९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने वाइनची प्रत मुख्यतः रसातल्या साखरेवर, म्हणजे ऑक्स्ले अंशांवर ठरवली. रसाची घनता १.०८५ असेल तर तो ८५ ऑक्स्ले, आपल्या हिशेबाने साधारण साडेवीस ब्रिक्स. बाग कोणत्या उतारावर आहे, माती कसली, याला त्या मोजपट्टीत फारसे स्थान नव्हते. साहजिकच लवकर पिकणाऱ्या, भरपूर माल देणाऱ्या नव्या जाती सपाट जमिनीवर लावून साखर गाठण्याकडे लोक वळले, लीबफ्राउमिल्शसारख्या सौम्य गोड वाइनची निर्यात फुगली, आणि पुढे जेव्हा ग्राहकाला तिचा कंटाळा आला तेव्हा दोष मोजपट्टीला न देता 'या नव्या पैदाशीच तशा' असा शिक्का सगळ्यांवर मारला गेला. शॉयरेबे त्या पंगतीत बसवली गेली, पण ती त्या पंगतीची नव्हती. ती लवकर पिकत नाही, तिला रीसलिंगच्या जवळपास जाणारा काळ लागतो, जागा चांगली लागते आणि घाई केली तर ती वर सांगितल्याप्रमाणे लगेच चुगली करते. ऑस्ट्रियात नॉयझीडल सरोवराकाठच्या इल्मिट्स गावी क्राखर यांनी बुरशीने आटलेल्या शॉयरेबेच्या मण्यांपासून केलेल्या दाट गोड वाइन जगभर नावाजल्या गेल्या, आणि जर्मनीच्या फाल्त्स भागातल्या म्युलर-कातुआर या वायनरीने याच जातीची कोरडी वाइन रीसलिंगच्या तोडीने उभी केली. आज जर्मनीत तिची लागवड दीड हजार हेक्टरांच्या आतबाहेर आहे. जर्मनीच्या लाखभर हेक्टर द्राक्षक्षेत्रात हा वाटा लहान आहे, परंतु ज्यांनी ती ठेवली त्यांनी आता मुख्यतः आवडीने ठेवली आहे.

आपल्या संकेतस्थळावर तो लेख अजून वाचला जात असल्याने चौकट दुरुस्त करता येईल, असे वाटते. 'हायब्रीड' काढून 'संकरज' घालावे, पालक म्हणून रीसलिंग आणि बुकेटरेबे द्यावेत, वाग्नर यांच्यापुढचा 'संगीतकार' गाळावा आणि मनुकांच्या जागी ब्लॅककरंट व पपनस लिहावे, एवढी विनंती. जागा उरली तर '८८' हा आकडाही जरूर द्यावा. ऑस्ट्रियात ही जात अजूनही 'झेमलिंग ८८', म्हणजे 'रोप क्रमांक ८८', याच नावाने विकली जाते. मुलीने व्हिएन्नाहून येताना माझ्यासाठी तिची एक बाटली आणली होती आणि ती १९८८ सालची जुनी वाइन समजून आमच्याकडे वर्षभर कोणी उघडलीच नाही.

आपला विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक